सोनुबाईची सून पळते

‘थोरल्या दिराशी तोंडानं बोलायचं नाय गं बाये. काय सांगायचं ते भिंतीला सांगायचं. भिंत सांगंल त्यास्नी.’

सासूचा हा आवाज सोनुबाईनं ऐकला तेव्हा तिच्या हातावरची हळद अजून उतरली नव्हती. सासू तांदळाच्या भाकरीची उकड मळत होती. मळता मळता बोलली, आणि तो आवाज नव्या सुनेच्या कानात जो बसला तो बसलाच. पुढे सासू गेली, नवरा गेला, कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या. पण सोनुबाई थोरल्या दिराशी, पदूभाऊंशी, एक शब्द कधी थेट बोलली नाही.

बोलणं मात्र रोजचं. ‘खांबा, भावजींना म्हणावं च्या झालाय.’ ‘गाये, त्यांना सांग, पंप चालूच ऱ्हायला.’ जवळ खांब नाही, गाय नाही, अशी वेळ आली तर ती चुलीवरच्या कुकरला सांगायची, आणि कुकरही शिट्टी मारून होकार भरायचा. पदूभाऊ भला माणूस. तेही खांबाकडे बघत म्हणायचे, ‘सांग तिला, केला पंप बंद.’ धाकटा भाऊ अकाली गेल्यावर त्याची भातशेती त्यांनीच आपल्या शेतीबरोबर कसली. योगेंद्रला, सोनुबाईच्या मुलाला, बोट धरून शाळेत नेलं तेही त्यांनीच; तो त्यांना मोठे आबा म्हणायचा. एका अंगणात दोन घरं, मध्ये एक खांब, आणि त्या खांबाच्या भरवशावर सगळा कारभार सुखानं चालला होता.

मग घरात हर्षला आली.

योगेंद्रची ही बायको कुंभिवलीची. हायवेकाठचं माहेर, बापाचा टेंपो. नेरळच्या पतपेढीत नोकरी करायची, भाकरी गोल थापायची, हसली तर अख्खं घर हसायचं. आणि एक खोड होती. पहाटे उठून पळायची.

पोशीर गावाच्या, त्याच नावाच्या नदीकाठच्या या गावाच्या, वरच्या अंगाला देवतळं आहे. चारी बाजूंनी दगडी बांध, बांधावर माणसांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली वाट, एका कोपऱ्यात मारुतीचं देऊळ आणि देवळासमोर ओळीनं उभे वीरगळ. कोण म्हणे पेशवाईतलं तळं, कोण म्हणे त्याच्याही आधीचं. गावाला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. लढाईत पडलेले ते दगडातले गडी गावाचे ‘वीर’ होते. माघात त्यांना तेल-शेंदूर लागायचा, नव्या नवरदेवाला त्यांच्या पायावर घालायचे, बस्स. तळ्यावर फेरी मारायची ती देवाला मारतात तशी, उजवी घालून. म्हातारी माणसं सकाळी फेरी मारत, बायका मारुतीला पाणी घालत आणि उन्हाला पाठ देऊन वालाच्या शेंगा सोलत बसत.

या बांधावरून हर्षला पळायची. निळी पँट, ढगळ सदरा, वेणीचा शेपटा पाठीवर डावी-उजवीकडे झुलतोय. पहिल्या दिवशी बायकांच्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या.

‘सोनू, तुझ्या सुनंमागं कुत्रं लागलंय का गं?’ चंद्राबाईनं विचारलं. चंद्राबाई सोनुबाईची मैत्रीण. जीव लावायची आणि चिमटे काढायची, दोन्ही एकाच हातानं.

‘नाय. व्यायाम हाय तो.’

‘व्यायाम? मग हांडा दे की डोक्यावर. पाणीबी येईल, व्यायामबी होईल.’

बायका हसल्या. सोनुबाईही हसली. पण शेंग सोलता सोलता तिचा डोळा बांधावर होता. माथेरानच्या डोंगरावर नुकतं ऊन उतरलेलं, पाण्यात त्याचा तांबूस तुकडा पडलेला, आणि त्या तुकड्याच्या काठाकाठानं आपली सून चालली आहे, जमिनीला नुसतं विचारल्यासारखा पाय लावत. जुन्या बायांची लेक ती, मनात ओवी उभी राहायला वेळ लागतो होय?

*माझी हर्षला धावते, जशी पोशीर श्रावणी,*
*तिच्या पावलांचं गाणं, माझ्या कानाला पर्वणी.*

ओवी मनात आली आणि मनातच राहिली. सून घामाघूम होऊन घरी आली तेव्हा सासू एवढंच म्हणाली, ‘च्या गार झाला तुझा.’

रोज हेच. रोज सोनुबाई ती पळताना बघायला तळ्यावर जायची आणि रोज घरी येऊन गार चहाचं गाऱ्हाणं सांगायची. सुनेला वाटायचं, आईंना आपलं पळणं खपत नाही. सोनुबाईला वाटायचं, सांगू कधीतरी, घाई काय आहे.

घाई आणली ती रविवारवाल्यांनी.

कळंबच्या बाजूला रिसॉर्ट झाले आणि शनिवारी मुक्कामाला आलेली मुंबईची मंडळी रविवारी उजाडता उजाडता देवतळ्यावर पळायला येऊ लागली. पोपटी रंगाचे सदरे, कानात बोंडं, मनगटाला घड्याळं. वाईट नव्हती बिचारी. पण घोळक्यानं यायची, आणि पुढे चालणारा माणूस आहे की दगड, तेही बघायची नाहीत. म्हाताऱ्यांनी हळूहळू रविवारची फेरी सोडली. पदूभाऊंनी तर दिवाळी झाल्यापासून तळ्यावर जाणंच बंद केलं होतं, अगदी सोमवार-मंगळवारचंही. विचारलं तर म्हणायचे, ‘थंडी बाधते.’

अशातच एका रविवारी पोपटी सदऱ्यातल्या एका गड्यानं बुटाची नाडी बांधायला पाय उचलला आणि ठेवला तो थेट वीराच्या छातीवर.

मारुतीचा पुजारी ओरडला. पोरं जमली. त्या गड्यानं हात जोडून माफी मागितली, ‘सॉरी काका, मला साधा दगड वाटला,’ म्हणाला, आणि त्यानं तर आगीत तेलच पडलं. साधा दगड! संध्याकाळी गाव पदूभाऊंच्या ओटीवर आलं. गावात त्यांचा शब्द चालायचा. पदूभाऊंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘पळणं बंद. पाव्हण्यांचंबी आणि गावातल्यांचंबी. एकाला हो आन् एकाला नाय, असं चालायचं नाय.’

नेरळचा एक पेंटर बोर्ड लिहायला बोलावला. त्याला फोनवर सांगितलं होतं, ‘तळ्यावर पळायला बंदी, असं लिही.’ बिचाऱ्याला वाटलं, तळ्यावर जोडपी बसत असतील, त्यातली पळून जात असतील, गावाची अब्रू असेल. त्यानं ठळक तांबड्या अक्षरात लिहिलं :

*या तळ्यावरून पळून जाण्यास सक्त मनाई आहे. – हुकमावरून, ग्रामस्थ पोशीर*

दुसऱ्या दिवशी खाली कोळशानं कुणीतरी पुस्ती जोडली : *टेंपोतून गेल्यास चालेल.*

गाव पोट धरून हसलं. पण बोर्ड उभा राहिला तो राहिलाच.

हर्षला बांधावर जायची थांबली. नेरळच्या रस्त्यानं पळून बघितलं, तर एक डंपर इतका जवळून गेला की दिवसभर तिच्या केसांतून खडी निघत होती. ती काही बोलली नाही. तिचं हसणं तेवढं घरातून कमी झालं, आणि सोनुबाईला पहिल्यांदा कळलं की घरात किती भांडी वाजतात.

बोलला तो योगेंद्र. आईजवळ बसून, नजर चुकवत. ‘आई, बदलापूरला कंपनीजवळ एक खोली बघितलीय. समोर बाग हाय. तिला पळायला जागा होईल.’

‘म्हंजी, जाणार तुमी?’

‘इथं असंच ऱ्हायलं तर... बघू. रविवारी त्या बोर्डावरनं सभा हाय ना मारुतीच्या देवळात? मोठ्या आबांनी बोर्ड काढला तर कशाला जातोय आमी?’

सोनुबाई उठली आणि अंगणातल्या खांबाजवळ गेली. पलीकडे पदूभाऊ सुतळी वळत बसले होते.

‘खांबा,’ ती म्हणाली, ‘भावजींना म्हणावं, वीरांवर पाय दिला त्या पाव्हण्यानं. आमच्या पोरीनं नाय. ती त्यांच्या पाया पडून पळायला सुरुवात करते रोज. मी बघितलंय.’

पदूभाऊंचा हात सुतळीवर थांबला. मग खांबाकडेही न बघता म्हणाले, ‘सांग तिला, सभेत बघू.’

सोनुबाईला नवल वाटलं. इतक्या वर्षांत भावजींनी खांबाकडे पाठ कधी केली नव्हती.

इकडे चंद्राबाईचं काय झालं, तेही सांगायला हवं. तिला हर्षलाचा पुळका होता. पण पुळकासुद्धा ती चेष्टेतूनच दाखवायची. एका दुपारी वाल सोलताना तिनं ओवी रचली आणि खड्या आवाजात म्हटली :

*सोनुबाईची गं सून, पहाटंच्या पारी पळं,*
*मागं ऱ्हायलं सासर, पुढं धावतंया तळं.*

तिची लेक सोनाली जवळच होती. तिला ओवी इतकी आवडली की तिनं ती मोबाइलवर घेतली आणि स्टेटसला ठेवली. स्टेटस कुंभिवलीच्या तिच्या मैत्रिणीनं बघितलं, मैत्रिणीच्या आईनं ऐकलं, आणि ऐकता ऐकता शेवटचं ‘तळं’ गाडीच्या हॉर्नमध्ये बुडालं. राहिलं ते एवढंच : सोनुबाईची सून पहाटे पळाली, सासर मागं राहिलं.

रविवारी सकाळी मारुतीच्या देवळात सभा बसली. एका अंगाला गाव, एका अंगाला पोपटी सदऱ्यातली चार माणसं, त्यांचा म्होरक्या किरण नारळ-हार घेऊन आलेला. बायका खांबांच्या आडोशाला. हर्षला सभेला आली नव्हती. ‘माझ्यावरनं भांडणं नकोत,’ म्हणून ती उजाडताच रस्त्यानं पळायला गेली होती.

किरणनं वीरांना हार घातला, नारळ फोडला, झाल्या गोष्टीची क्षमा मागितली. ‘आम्ही बूट बांधाखाली बांधू, वीरांपाशी थांबणार नाही,’ म्हणाला. माणसं जरा नरमली. तेवढ्यात खालून टेंपोचा हॉर्न वाजला. वाजला म्हणजे वाजतच राहिला. टेंपो बांधाशी येऊन थांबला आणि मागच्या हौद्यातून कुंभिवलीचे आठ-दहा नातेवाईक धपाधप उतरले. सगळ्यांत पुढे हर्षलाचे वडील, पोपटराव. डोळे तांबडे, टोपी हातात.

‘कुठं हाय माझी पोर?’ ते देवळाच्या पायरीवरूनच गरजले.

‘पळायला गेलीय,’ चंद्राबाई सहज म्हणाली.

पोपटराव मटकन खाली बसले. ‘म्हंजी खरं हाय! अरे देवा! कधी पळाली?’

‘पहाटेच की. रोजच्यासारखी.’

‘रोजच्यासारखी?’ पोपटरावांच्या भावानं डोक्याला हात लावला. ‘अगं, रोज कशी पळंल?’

‘रोजच पळते. लग्न झाल्यापासनं.’

‘कुणाबरोबर?’

‘एकटीच. रविवारी ही पोपटी मंडळी असतात बरोबर.’

पोपटरावांनी किरण आणि त्याच्या तिघा सोबत्यांकडे पाहिलं. त्यांची नजर अशी होती की किरण नारळाची करवंटी छातीशी धरून दोन पावलं मागे सरला. ‘चौघं?’ पोपटराव क्षीण आवाजात म्हणाले. मग त्यांची नजर बोर्डावर गेली. त्यांनी तो मोठ्यानं वाचला, ‘या तळ्यावरून पळून जाण्यास...’ आणि हंबरडा फोडला, ‘गावात एवढ्या पळतात की बोर्ड लावायची पाळी आली? आन् अशा गावात मी लेक दिली!’

‘अवो पाव्हणं, तसलं पळणं नाय!’ योगेंद्र पुढे धावला. ‘व्यायामाचं पळणं!’

‘जावईबापू, तुमी नका लपवू. मी गाणं ऐकलंय. गाणं झालं पोरीवर!’

आणि ‘गाणं’ म्हटल्यावर चंद्राबाईनं पदर तोंडात कोंबला तो हसू दाबायला की लाजेनं, ते मारुतीलाच ठाऊक.

एवढ्यात बांधाच्या टोकाला निळी पँट दिसली. हर्षलानं रस्त्यावरून टेंपो ओळखला होता. वडिलांना काय झालं, या धास्तीनं ती बंदी-बोर्ड सगळं विसरून बांधावरून सुसाट येत होती.

‘ती बघा!’ कुणीतरी ओरडलं. ‘आली पळून!’

सभा अशी हसली की पिंपळावरचे साळुंक्यांचे थवे उठले. पोपटराव हसले नाहीत. ते लेकीच्या दोन्ही खांद्यांना धरून नुसते बघत राहिले, मग टोपीनं डोळे पुसले. सगळा उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. तो झाला, आणि बापाच्या मनातल्या भीतीची जागा रागानं घेतली.

‘एवढंच? सकाळचं जरा पळते, म्हणून माझ्या पोरीवर सभा?’ ते पदूभाऊंकडे वळले. ‘व्याहीबुवा, तुमचं तळं तुमास्नी लखलाभ. चल गं हर्षू. आपल्या कुंभिवलीला हायवे पडलाय एवढा, पळ हवी तेवढी!’

‘हायवेवर ट्रक पळतात, पाव्हणं,’ मागून कुणी बोललं. ‘सुना नाय.’

‘न्यायची तर न्या,’ पदूभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. कोरडा, घाईघाईचा. ‘बंदी ती बंदी. बोर्ड निघायचा नाय.’

हर्षलानं मान वर केली. पदूभाऊंकडे पाहिलं. काहीतरी तिच्या ओठांवर आलं, असं सोनुबाईला वाटलं. पण सुनेनं ते गिळलं आणि ती वडिलांच्या मागोमाग टेंपोकडे वळली.

सोनुबाई देवळाच्या खांबाआड उभी होती. हात सवयीनं खांबावर गेला. ‘खांबा,’ तिनं सुरुवात केली, ‘भावजींना म्हणावं...’ पण पुढचा शब्द खांबाला सांगवेना. त्या दगडाला कुठली सून आणि कुठलं सुनं घर? तो सांगेपर्यंत टेंपो नेरळ गाठायचा. तिचं तिलाच कळलं नाही आणि ती खांबाआडून बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि सगळ्या गावासमोर थोरल्या दिराच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

‘भावजी.’

कुंभिवलीकरांना काही समजलं नाही, पण गावाला समजलं. चंद्राबाईच्या तोंडातला पदर गळून पडला.

‘भावजी, माझी सून कुठं जायची नाय. मला आवडतं ती पळते ते. ती पळते म्हणून मी पहाटंची तळ्यावर येते, मारुतीला पाणी घालायचं निमित्त करून. देवानं माफ करावं. ती दमून घरी येते आन् मी तिला च्या गार झाला म्हणते. कधी म्हटलं नाय की बाय, किती गोड पळतेस. आज म्हणते. तुमच्यासमोर म्हणते.’ तिला धाप लागली होती, जणू तीच बांधाला फेरी मारून आली होती. ‘वीरांचा मान ऱ्हायला. हार घातला, माफी मागितली. आता कशासाठी बोर्ड? एवढी वरसं तुमचा शब्द मी खाली पडू दिला नाय. आज मी विचारते. मला सांगा. तोंडानं सांगा.’

टेंपोशी हर्षला थांबली होती. हौद्यावर ठेवलेला हात तिनं काढून घेतला.

पदूभाऊंनी सोनुबाईकडे पाहिलं. या बाईचे डोळे घारे आहेत, हे त्यांना आत्ताच कळत होतं. मग त्यांनी मुंडासं काढलं, मांडीवर ठेवलं, पुन्हा उचललं.

‘हर्षला,’ त्यांनी हाक मारली. ‘पोरी, सांग तू. तूच सांग.’

‘मी काय सांगू, मोठे आबा?’ हर्षला शांतपणे म्हणाली. ‘मला काय ठाऊक नाय.’

ते ऐकलं आणि पदूभाऊंचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. हसू आणि रडू एकाच वेळी आलं की होतो तसा. ते खांबाकडे वळले नाहीत. भावजयीच्या डोळ्यांत बघून म्हणाले :

‘सोनू, वीरांचं निमित्त होतं गं. दिवाळीनंतर एका रविवारी, तुमी बाया तळ्यावर यायच्या आत, फेरीला आलो होतो. मागनं ही मंडळी आली, मी बाजूला झालो, शेवाळावर पाय गेला, आन् गेलो तळ्यात. यांना पत्ताच नाय, यांच्या कानांत गाणी. धोतराचा फुगा झालेला, तोंडात पाणी, त्या फुग्यावर बेडूक बसलेला. त्या दिवसापासनं मागं पाय वाजला की माझी छाती धडधडते, बांधावर पाऊल टाकवत नाय, म्हणून ती बंदी. तुझ्या सुनंनं उडी मारून मला काढला. पायरीवर बसून मी पोरासारखा रडलो आन् तिला म्हणालो, गाव हसंल, म्हातारा झालो म्हणंल, कुणाला सांगू नकोस. तर बघ. मी तिचं पळणं बंद केलं, बाप तिला न्यायला आला, तरी या पोरीनं आजपातुर कुणाला सांगितलं नाय. काढा रं तो बोर्ड.’